चौघांच्या नावावर

ईस्टरच्या आदल्या रात्री तुम्ही एका चर्चच्या आवारात उभे आहात आणि आतून बिअरचा वास येतो आहे. तारीख ५ एप्रिल १९८०. गाव अथेन्स, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं, विद्यापीठाच्या जिवावर जगणारं. ओकोनी स्ट्रीटवरच्या या सेंट मेरीज चर्चमध्ये आता प्रार्थना होत नाही. पुढच्या भागात खोल्या काढून भाड्याने दिल्या आहेत, तिथे पोरंपोरी राहतात. मागचा भाग ओसाड, उंच छताचा, धुळीने माखलेला. इथेच राहणाऱ्या एका मुलीचा आज वाढदिवस आहे आणि शेकडो लोक आत लोटले आहेत. नाचणाऱ्यांच्या उड्यांनी जुनी जमीन हादरते आहे. भिंतीच्या कडेने उभे राहा.

समोर चौघे आहेत. त्यांच्या बँडला अजून पक्कं नावसुद्धा नाही. गिटार वाजवणारा उंच पोरगा पीटर बक, वय २३. दिवसा तो वक्सट्री नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात काउंटरवर असतो. दुकानात आलेल्या चांगल्या रेकॉर्ड तो स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा आणि विद्यापीठात चित्रकला शिकणारा एक लाजाळू मुलगा नेमक्या त्याच मागायला यायचा. तो मुलगा आता माइकसमोर उभा आहे. मायकल स्टाइप, वय २०, फौजेतल्या बापाबरोबर गावोगाव फिरून वाढलेला. बास गिटारवर माइक मिल्स आणि ड्रम्सवर बिल बेरी. हे दोघे मेकन गावातल्या एकाच शाळेतले, पण आधी एकमेकांना पाण्यात पाहायचे. मिल्स अभ्यासू आणि सरळमार्गी, बेरी उनाड. एकदा कुणाकडे तरी वाजवायला जमले, तर समोर हाच! आता काय करायचं, वाद्यं तर लावून झाली होती. वाजवायला लागले आणि भांडण तिथेच मिटलं.

ऐका. निम्मी गाणी दुसऱ्यांची, निम्मी स्वतःची, आणि सगळी धावती. स्टाइप काय म्हणतो ते तुम्हाला कळणार नाही. इंग्रजी कच्चं म्हणून कळत नाही असं समजू नका, शेजारच्या जॉर्जियाच्या पोरांनाही कळत नाही. त्याचे शब्द दातांआड राहतात, सूर मात्र बाहेर येतो, आणि त्या सुरात काहीतरी अतिशय महत्त्वाचं सांगायचं आहे अशी कळकळ असते. बक तारा एकदम छेडत नाही, एकेक करून मोकळ्या सोडतो, त्यामुळे गिटार किणकिणते. मिल्सचा बास ताल धरून मागे राहत नाही, स्वतःची वेगळी चाल गातो. बेरी वाजवता वाजवता गातोही. चौघांतला एकही पट्टीचा वादक नाही, तरी चौघांपैकी कुणालाही काढलं तर हे उभं राहणार नाही. पहिल्याच रात्री हे ऐकू येतं, म्हणून तुम्हाला इथून सुरुवात करायला लावली.

थोड्याच दिवसांत स्टाइप शब्दकोश उघडून बोट ठेवेल आणि बँडचं नाव आर.ई.एम. होईल. माझ्या दृष्टीने नावापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतच दोन नियम ठरले. गाणं कुणालाही सुचो, ते चौघांच्या नावावर लागणार आणि पैसे चार समान वाट्यांत जाणार. आणि कुठल्याही निर्णयाला चौघांपैकी एकाने जरी नकार दिला, तर ती गोष्ट होणार नाही. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर तुम्हाला तीच चार आडनावं दिसतील, वर्णानुक्रमे: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. रॉकच्या जगात बँड फुटतात ते बहुतेक वेळा पैशांवरून आणि गाणं कुणाचं यावरून. ती वाट या पोरांनी विशीतच बंद केली. यात त्यांचं शहाणपण होतंच, पण त्याहून जास्त एकमेकांवरचा विश्वास होता.

आता व्हॅनमध्ये बसा. साल १९८१, गाडी निळी आणि जुनी. चालवतो आहे जेफरसन होल्ट. बँड पहिल्यांदा राज्याबाहेर, नॉर्थ कॅरोलायनात वाजवायला गेला तेव्हा याने त्यांना ऐकलं आणि पुढे आपलं बिऱ्हाड अथेन्सला हलवून तो त्यांचा मॅनेजर झाला. जेवणाला माणशी दिवसाला दोन डॉलर. मागे अँप्लिफायर, ड्रम्स आणि त्यांच्यामध्ये जागा होईल तशी माणसं. आज पिझ्झाच्या दुकानात, उद्या एखाद्या डिस्कोत, परवा कुठल्याशा कॉलेजच्या हॉलमध्ये वाजवायचं. झोपायचं ओळखीच्यांच्या नाहीतर अनोळख्यांच्या घरी, जमिनीवर.

वाटेत रेडिओची खुंटी फिरवा, अगदी डावीकडे न्या. अमेरिकेत एफएमच्या ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात जाहिरातींवर न चालणारी केंद्रं असतात. त्यांतली बरीच विद्यापीठांची. विद्यार्थीच ती चालवतात आणि स्वतःला आवडेल ते लावतात. त्यांची लहर केंद्राच्या मनोऱ्यापासून काही मैलांवर विरते, मग पुढच्या विद्यापीठाचं केंद्र लागतं. या व्हॅनचा नकाशा तोच आहे. जिथे असं केंद्र, तिथे रेकॉर्डचं एखादं छोटं दुकान, तिथेच एखादा क्लब आणि तिथेच तुम्हाला रात्री झोपायला सतरंजी देणारी चार पोरं. पुढे ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणायला लागले, ते संगीत घडायच्या आधी हा रस्ता घडला. मोठ्या कंपन्यांच्या हमरस्त्याला समांतर असलेली ही पायवाट आर.ई.एम.ने एकट्याने पाडली नाही, पण तिच्यावरून ते इतक्या वेळा गेले, की मागून येणाऱ्यांना ती स्पष्ट दिसायला लागली.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ही व्हॅन विन्स्टन-सेलम गावात मिच ईस्टरच्या घरापाशी थांबते. आईवडिलांच्या गॅरेजमध्ये त्याने स्टुडिओ थाटला आहे. तिथे ध्वनिमुद्रित झालेली ‘रेडिओ फ्री युरोप’ची रेकॉर्ड जुलैत निघते, पहिल्या खेपेला फक्त १,००० प्रती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ तिला वर्षातल्या दहा सर्वोत्तम सिंगलमध्ये धरतं. मोठ्या कंपन्या आता दार ठोठावतात. आर.सी.ए.ला हे हवे आहेत, पण हे जातात आय.आर.एस. या लहान कंपनीकडे, कारण तिथे कामात कुणी हात घालणार नाही असं त्यांना वाटतं.

शार्लट, १९८३ च्या सुरुवातीचा हिवाळा. रिफ्लेक्शन स्टुडिओत पहिला पूर्ण अल्बम चालू आहे. त्याआधी कंपनीने एका दुसऱ्या निर्मात्याकडून एक गाणं करवून पाहिलं होतं. त्याने बेरीला तेच ते पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं, वर सिंथेसायझर चढवला. चौघांनी नकारार्थी मान हलवली आणि आपल्या मिच ईस्टरला परत आणलं, जोडीला डॉन डिक्सन. तुम्ही काचेमागे बसा. गायक दिसत नाही ना? तो जिन्याच्या अंधारात उभा राहून गातो आहे, कुणी बघत असलं की त्याचा आवाज आखडतो. एका गाण्यात पुढे तुम्हाला ढगांचा गडगडाट ऐकू येईल. तो आहे बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज, वेग कमी करून मिसळलेला.

‘मर्मर’ एप्रिलमध्ये बाजारात येतो. कव्हर हातात घ्या. सगळं अंग वेलींनी झाकलेलं एक शेत, माणूस कुठे नाही. ही कुडझूची वेल जपानहून आली, अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीची धूप थांबावी म्हणून ती मुद्दाम लावली गेली आणि मग तिने झाडं, खांब, पडकी घरं, सगळं गिळलं. स्टाइपच्या गाण्याला यापेक्षा नेमकं चित्र मिळालं नसतं. आत काहीतरी उभं आहे हे कळतं, काय आहे ते पानांतून नीट दिसत नाही. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ ज्या वर्षी जग व्यापून राहिला, त्या १९८३ साली ‘रोलिंग स्टोन’ने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला. खप होता सुमारे २ लाख. मी स्वतः आर.ई.एम.चा हाच अल्बम सगळ्यांत वरचा मानतो, पुढचे सगळे कोटींचे खप धरूनही.

त्याच ऑगस्टमध्ये तुम्ही न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये आहात. मुख्य बँड द पोलीस, आधी आर.ई.एम. हजारो माणसं दुसऱ्याच कुणाची वाट पाहत बसली आहेत आणि वीसबावीस मिनिटं लांबवर चार ठिपके हलताहेत. असली प्रसिद्धी आपल्या कामाची नाही हे चौघांना कळून चुकतं. ऑक्टोबरमध्ये डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात पहिल्यांदा देशभरच्या टीव्हीवर येतात. एक गाणं झाल्यावर लेटरमन गप्पा मारायला येतो तेव्हा बक आणि मिल्स बोलतात. गायक मागे ड्रम्सच्या पायरीवर बसून आहे. दुसरं गाणं इतकं नवं, की त्याला अजून नावही नाही.

पुन्हा त्याच शार्लटच्या स्टुडिओत चला. दुसरा अल्बम ‘रेकनिंग’. ही घटना मला फार आवडते. स्टाइपचा आवाज आज लागतच नाही, इतका हळू गातोय की माइकला कळेना. डिक्सन वर चढतो, तिथे पडलेल्या जुन्या रेकॉर्डमधून हाताला लागेल ती उचलतो आणि त्याच्यापुढे टाकतो. ती निघते भक्तिगीतांची, एका गॉस्पेल मंडळाची. स्टाइप कव्हर उलटं करतो आणि मागे छापलेली माहिती, गाणाऱ्यांची स्तुती, नावं, सगळं तसंच्या तसं आपल्या गाण्याच्या चालीवर गायला लागतो. आवाज मोकळा होतो. मग खरं गाणं सहज होऊन जातं. हे गमतीत गायलेलं रूपही त्यांनी फेकलं नाही. पुढे ‘व्हॉइस ऑफ हॅरॉल्ड’ या नावाने ते बाहेर आलं. अर्थ कळला नाही तरी हा माणूस आपल्याला का धरून ठेवतो, याचं उत्तर त्या एका ध्वनिमुद्रणात आहे.

१९८५ भराभर ओलांडू. लंडनची थंडी, नकोसं जेवण, जो बॉइडबरोबर केलेला तिसरा अल्बम आणि फुटायच्या बेतात आलेला बँड. १९८६ मध्ये इंडियानात डॉन गेमन हा निर्माता स्टाइपला सरळ विचारतो, तू काय म्हणतोयस? शब्द दातांआडून पुढे येतात ते तेव्हापासून. १९८७ चा ‘डॉक्युमेंट’ त्यांचा पहिलाच अल्बम, ज्याच्या अमेरिकेत १० लाख प्रती खपल्या. डिसेंबरात ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर ते झळकतात: अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक अँड रोल बँड. बिल बेरीने यावर सांगितलं, की तो मान पायलनचा आहे. पायलन म्हणजे अथेन्समधलाच बँड, यांच्या आधीचा, तोवर मोडलेला. आपल्या गावात आपल्याआधी कोण वाजवत होतं याची इतकी पक्की आठवण माणसाला यशाच्या ऐन क्षणी असावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९८८ साली ते वॉर्नर ब्रदर्सकडे गेले. करार लाखो डॉलर्सचा, काम आपल्या मनाप्रमाणे करण्याची मुभा लिहून घेतलेली. ‘ग्रीन’ हा अल्बम त्यांनी ८ नोव्हेंबरला काढला, अध्यक्षीय निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी. त्यानंतर जगभर दौरा, प्रचंड सभागृहं आणि शेवटी चौघेही थकून चूर. मग त्यांनी एक निर्णय घेतला जो धंद्याच्या कुठल्याही हिशेबात बसत नव्हता. पुढचे दोन अल्बम येतील, दौरा करायचा नाही.

तर १९९० चा मध्य. पीटर बक घरी टीव्हीसमोर बसला आहे. मांडीवर मँडोलिन आहे, नुकतंच घेतलेलं, वाजवता येत नाही. शिकता शिकता शेजारी टेप चालू ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी तो ती ऐकतो. बराच वेळ नुसती चाचपड, आणि मधेच काही सेकंदांचा एक तुकडा. तो पुन्हा मागे नेऊन ऐकतो. तिथून जन्मलेल्या गाण्याला ठळक असं ध्रुपद नाही, गिटारचा धडाका नाही, साडेचार मिनिटांच्या जवळ जाणारी लांबी आहे आणि पुढे मँडोलिन आहे. गायकाचा आवाज एकाच दमात घेतलेला. कंपनीच्या लोकांना शंका होती आणि खरं सांगायचं तर ती रास्तच होती. ‘लूझिंग माय रिलिजन’ अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ‘आउट ऑफ टाइम’ हा अल्बम पहिल्या.

या गाण्यापाशी थोडं थांबा, कारण इथे आपल्या बाजूचा एक माणूस येतो. व्हिडिओ बनवला आहे तरसेम सिंगने. जन्म जालंधरचा, शाळा सिमल्याची, कॅलिफोर्नियात शिकलेला. पडदा उघडतो तेव्हा अंधारी खोली आहे, खिडकीतून पाणी ठिबकतंय. बक, बेरी आणि मिल्स एका बाजूकडून दुसरीकडे धावत जातात, स्टाइप खुर्चीवर बसून राहतो. खिडकीच्या कठड्यावरून दुधाचा जग पडून फुटतो. हा प्रसंग तारकोव्हस्कीच्या सिनेमाला केलेला नमस्कार आहे. मग गाणं सुरू होतं आणि एकामागून एक स्तब्ध देखावे येतात. काराव्हाजिओच्या चित्रांतला उजेड आहे, बाण लागलेला संत सेबॅस्टियन आहे आणि हिंदू देवही आहेत, भडक रंगांत, थेट तुमच्याकडे बघत. रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातून आलेल्या तसबिरी ज्यांच्या देवघराच्या वर टांगलेल्या होत्या, त्यांना ही नजर ओळखीची वाटेल. गाणं धर्माबद्दल नाही, एकतर्फी ओढीबद्दल आहे. तरसेमने ती ओढ देव्हाऱ्यात बसवली. तोवर गाण्याच्या व्हिडिओत ओठ हलवायला नकार देणारा स्टाइप इथे गातोही आणि हातपाय झोकून नाचतोही. त्या वर्षीच्या एमटीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला सहा पुरस्कार मिळाले.

आणि त्याच सुमाराला मुंबई-पुण्यात केबलवाल्याची काळी वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जात होती. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि त्याच्यासोबत एमटीव्ही. दूरदर्शनवर वाढलेल्या पोरांच्या बैठकीच्या खोलीत हा फुटणारा दुधाचा जग आला. कॉलेजच्या कट्ट्यांवर ज्यांच्या हातात गिटार होती, त्यांनी मँडोलिनची ती सुरावट गिटारवर बसवली. मोजक्या सोप्या कॉर्डमध्ये मावणारं गाणं, कुणालाही वाजवता येईल असं आणि गाताना घसा दाटून येईल असं. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीची आर.ई.एम.शी ओळख या एका गाण्यावर सुरू झाली, आणि पुष्कळांची तिथेच संपली याचं मला वाईट वाटतं.

तो अल्बम अमेरिकेत ज्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यात विकला जात होता, त्याच्या मागे एक कार्ड छापलेलं होतं. वाहन परवाना काढतानाच मतदार म्हणून नाव नोंदवता यावं, या मागणीचं. कापा, सही करा, टपालात टाका. हजारो कार्डं सिनेटरांकडे गेली. अध्यक्ष बुश (थोरले) यांनी तसं विधेयक १९९२ मध्ये अडवलं, क्लिंटन यांनी मे १९९३ मध्ये तशाच विधेयकावर सही केली. एका रेकॉर्डमुळे कायदा होत नसतो, हे खरं. पण पुठ्ठ्याच्या मागची बाजूसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही असा विचार ज्यांनी केला, त्यांना मी मानतो.

१९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’चं नाव अथेन्समधल्या वीव्हर डीज या खाणावळीच्या पाटीवरचं, मालकाच्या परवानगीने घेतलेलं. अल्बम मरणाबद्दल आहे, म्हातारपणाबद्दल आहे, आणि तरी ऐकल्यावर बळ येतं. लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सने काही गाण्यांना तारवाद्यांची साथ बांधून दिली. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ मुळात सुचलं ड्रमर बिल बेरीला, आणि त्यात बहुतेक वेळ ड्रम्स वाजतच नाहीत, एक स्वस्तातलं तालयंत्र टिकटिकत राहतं. ज्याची चाल तोच मागे सरकला. शब्द स्टाइपने मुद्दाम साधे ठेवले, कोवळ्या वयातल्या, जिवाला कंटाळलेल्या पोरांना थेट कळावेत म्हणून. जिन्याच्या अंधारात गाणारा मुलगा दहा वर्षांत इथवर आला होता.

५ एप्रिल १९९४. चर्चमधल्या त्या रात्रीला बरोबर १४ वर्षं झाली आहेत आणि सिएटलमध्ये रॉक गायक कर्ट कोबेनने स्वतःला संपवलं आहे. आर.ई.एम.सारखं काम करायचं, अशी कोबेनची इच्छा होती. त्याला घरातून बाहेर काढावं म्हणून स्टाइपने दोघांनी मिळून काही करू असा घाट घातला, विमानाचं तिकीट पाठवलं. तो आला नाही. त्याच्या घरातल्या प्लेअरवर ‘ऑटोमॅटिक’ होता असं सांगतात. ‘मॉन्स्टर’ या पुढच्या अल्बममध्ये स्टाइपने त्याच्यासाठी एक गाणं लिहिलं. ते वाजवायला मिल्सने कोबेनचीच गिटार हातात घेतली.

आता मन घट्ट करा. १ मार्च १९९५, स्वित्झर्लंडमधलं लोझान. बर्फाच्या रिंगणाचं सभागृह खच्चून भरलंय. पाच-सहा वर्षांनी बँड दौऱ्यावर निघाला आहे. मध्येच बेरी डोकं धरतो. अर्धशिशी असेल असं त्याला वाटतं. त्याला आत नेतात, सलामीला आलेल्या बँडचा ड्रमर त्याच्या जागी बसतो आणि कार्यक्रम पुरा होतो. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. तिथल्याच हॉस्पिटलात कवटी उघडून ऑपरेशन झालं. तो वाचला, नुसता वाचला असं नाही, मे महिन्यात पुन्हा ड्रम्सवर बसला. मग जुलैत मिल्सच्या पोटाचं ऑपरेशन, ऑगस्टमध्ये स्टाइपचं हर्नियाचं. तरी दौरा पुरा केला, आणि वाटेत, कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या तपासणीत, चालत्या बसमध्ये, नवी गाणी टिपत गेले. त्यांतून १९९६ चा ‘न्यू अ‍ॅडव्हेंचर्स इन हाय-फाय’ झाला. त्याच वर्षी वॉर्नरशी नवा करार, तेव्हाच्या बातम्यांप्रमाणे ८ कोटी डॉलर्सचा, तोवरचा सगळ्यांत मोठा.

आणि सगळं हाती असताना ऑक्टोबर १९९७ मध्ये बेरी म्हणतो, मला थांबायचंय. भांडण नाही, पैशांचा वाद नाही. विमानं, हॉटेलं, गर्दी यांत आता जीव रमत नाही, अथेन्सजवळ शेत आहे, तिथे गवत पिकवायचंय. एक अडचण होती. चौघांपैकी एक गेला तर बँड बंद, असं त्यांच्यात फार आधीपासून बोललं जायचं. बेरीने सांगितलं, माझ्यामुळे बँड मोडणार असेल तर मी जात नाही, मनाविरुद्ध राहीन. म्हणजे आता उरलेल्या तिघांना पुढे जाण्याचं वचन द्यावं लागलं, त्याला सोडवण्यासाठी. तुम्ही त्या खोलीत कोपऱ्यात उभे असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. नकाराचा हक्क चौघांनाही होता आणि त्या दिवशी चौघांनीही तो वापरला नाही. एवढ्या मोठ्या बँडमधून माणूस असा, मैत्री शाबूत ठेवून जाताना मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तीन पायांचं कुत्रंही कुत्रंच असतं, त्याला फक्त वेगळं पळायला शिकावं लागतं, असं स्टाइप तेव्हा म्हणाला. शिकताना फार लागलं. ‘अप’ करताना बँड पुन्हा मोडायच्या काठावर आला. मला तो अल्बम प्रिय आहे, त्यातली पोकळी खरी आहे म्हणून. ‘रिव्हील’मध्ये ऊन आहे. २००४ चा ‘अराउंड द सन’ मात्र निर्जीव आहे, आणि तो वाजवणारे कंटाळलेले ऐकू येतात हे बकनेही लपवलं नाही. त्यातून सावरायला २००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी डब्लिनच्या ऑलिंपिया थिएटरात पाच रात्री लोकांसमोर उघड तालीम केली. पन्नाशीला टेकलेली माणसं कागद बघून, चुकत, न झालेली गाणी वाजवताहेत. तिकीट मिळालं तर या रात्रींपैकी एक चुकवू नका. त्या तालमींतून आलेला ‘अ‍ॅक्सिलरेट’ अर्ध्या तासाच्या वर जेमतेम जातो आणि श्वास घ्यायला थांबत नाही.

१८ नोव्हेंबर २००८, मेक्सिको सिटी. हा त्यांचा शेवटचा पूर्ण कार्यक्रम, पण समोरच्या लोकांना कुणी तसं सांगितलेलं नाही. निरोपाचा दौरा, तिकिटांचे चढे भाव, डोळे पुसण्याचे प्रसंग, यांतलं काही नाही. २०११ च्या मार्चमध्ये एक अल्बम आला, २१ सप्टेंबरला वेबसाइटवर काही ओळी आल्या, आणि ३१ वर्षांचा बँड संपला. जितके नीट एकत्र राहिले तितकेच नीट वेगळे झाले. क्लेटन स्ट्रीटवरचं ऑफिस आणि सुरुवातीपासूनचा वकील बर्टिस डाउन्स मात्र कामावर राहिले, कारण गाणी संपत नाहीत, त्यांचे हक्क सांभाळावे लागतात आणि चौघांच्या गाण्यांचे वाटे अजूनही चारच होतात.

शेवटचा थांबा न्यूयॉर्क, जून २०२४. गीतकारांच्या सन्मानगृहात आर.ई.एम.ला घेतलंय. सन्मान गीतकारांचा, आणि कागदावर नावं चार आहेत, म्हणून शेतावरून बिल बेरीही आला आहे. बँड सोडून २७ वर्षं झाली, तरी तो इथे पाहुणा नाही. त्या निमित्ताने टीव्हीवर चौघांची एकत्र मुलाखत होते आणि अपेक्षेप्रमाणे प्रश्न येतो, पुन्हा एकत्र यायला काय घडावं लागेल? माइक मिल्स म्हणतो, एखादा धूमकेतू. तुम्ही कितीही पैसे देऊ केलेत तरी हे उत्तर बदलणार नाही, आणि आजवरचं त्यांचं सगळं वागणं पाहिल्यावर तुम्हालाही ते बदलावं असं वाटू नये. १३ जूनच्या संध्याकाळी मात्र, कुणाला कल्पना नसताना, चौघे मंचावर येतात. बकच्या हातात मँडोलिन आहे. एक गाणं वाजवतात, चारही जण मिळून, आणि आपापल्या खुर्च्यांकडे परत जातात.